नागीण गेली, मग दुखतंय ते काय?

नांदगाव तालुक्यात घरात कुणाला नागीण उठली की दोन गोष्टी ताबडतोब होतात. कुणीतरी गेरू उगाळायला बसतं, आणि कुणीतरी हळूच सदरा वर करून फोड कुठवर आलेत ते बघतं. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस वाचत नाही, ही समजूत महाराष्ट्रभर आहे. साकोरा, न्यायडोंगरीकडच्या खेड्यांतही जुन्या माणसांच्या मनात ती घट्ट आहे. भीती वाटावी असंच ते दिसतं. फोडांचा पट्टा पाठीच्या मध्यापासून निघतो, बरगडीवरून पुढे सरकतो आणि छातीच्या मधोमध येऊन थांबतो.

थांबतो, कारण ती नसच तिथे संपते. लहानपणी कांजिण्या येऊन जातात तेव्हा अंगावरचे फोड सुकतात, पण विषाणू शरीर सोडत नाही. कातडीतल्या बारीक नसांमधून तो आत सरकतो आणि मणक्याच्या दोन्ही अंगांना ओळीने असलेल्या नसांच्या गाठींत जाऊन बसतो. तिथे चाळीस-पन्नास वर्षं गप्प राहतो. वय वाढलं, मधुमेहाने किंवा दुसऱ्या आजाराने अंगातली प्रतिकाराची ताकद उतरली, की एखाद्याच गाठीत तो जागा होतो आणि तिथून निघणाऱ्या नसेवरून परत कातडीपर्यंत येतो. एक गाठ म्हणजे अंगाच्या एका बाजूचा एक पट्टा. म्हणून वेढा अर्धाच पडतो. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या एखाद्याला क्वचित दोन्हीकडे फोड आले, तरी वेढा पुरा झाला म्हणून कुणी मरत नाही.

कांजिण्यांचाच विषाणू पुन्हा उठतो, हे आज सहज सांगता येतं. पण त्यामागे एका गावच्या डॉक्टरची चिकाटी आहे. एडगर होप-सिम्पसन हे इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर या लहान गावात दवाखाना चालवत. आपल्याकडे येणाऱ्या नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची त्यांनी नोंद ठेवली. सोळा वर्षांत असे १९२ रुग्ण झाले. हा आजार साथीसारखा कुणाकडून कुणाला लागत नाही, वयाबरोबर वाढतो, आणि आधी कांजिण्या झालेल्यांनाच होतो, हे नोंदींवरून पाहून त्यांनी १९६५ साली मांडलं की हा विषाणू बाहेरून येत नाही, तो आतच झोपलेला असतो. ग्रामीण दवाखान्यातल्या वहीतून एवढं मोठं जीवशास्त्र निघालं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूवरचं औषध सुरू झालं तर त्याचा सर्वांत चांगला उपयोग होतो. ते तीन दिवस गेरूत आणि मंत्रात जाऊ नयेत. पन्नाशीपुढच्यांसाठी दोन डोसांची लसही २०२३ पासून भारतात मिळते. अजून ती महाग आहे.

बहुतेकांची नागीण तीन-चार आठवड्यांत खपल्या धरून जाते. काहींची जात नाही, म्हणजे फोड जातात आणि दुखणं राहतं. साठीपुढच्या माणसांत हे जास्त. फोड उठल्यापासून तीन महिने झाले, कातडी स्वच्छ झाली, फक्त थोडे पांढुरके डाग उरले. आणि तरीही त्या पट्ट्यात आग होते, मधूनच करंट बसल्यासारखी कळ जाते, बनियनचं कापड घासलं तरी जीव जातो. फॅनचा वारा नको होतो. त्याहून चक्रावणारी गोष्ट अशी, की त्याच पट्ट्याला डॉक्टर कापसाने हात लावतात तेव्हा काही ठिकाणी काहीच कळत नाही. जिथे बधिर, तिथेच दुखतं. नस जळून गेली आहे, बातमी आणणारी तारच तुटली आहे, आणि बातमी मात्र रात्रंदिवस येते आहे.

घरातल्यांना हे समजणं अवघड असतं. दिसत तर काहीच नाही. आधी काळजी, मग कंटाळा, मग कुणीतरी म्हणतं, ‘आई, तुम्ही फार मनाला लावून घेता.’ आईची झोप गेलेली असते. कांदा निवडायला खळ्यावर बसणारी, शेजारणींशी बोलताना न थकणारी बाई गप्प होते, जेवणावरून मन उडतं, नातवंडं अंगाला येऊन भिडली तर दचकून दूर होते. आणि मनमाडच्या किंवा नाशिकच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी घ्यायला मुलगा दुकानात जातो तेव्हा कळतं, की अमिट्रिप्टिलीन नावाची ही गोळी तर उदासीवरची आहे. मग घरभर एकच अर्थ निघतो: डॉक्टरांनाही हे मनाचंच वाटतंय.

हा अर्थ चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पेशींच्या पातळीवर जे दिसलं आहे त्यातून कळतं, आणि माझ्या मते आपल्या शरीराबद्दल कळलेल्या सर्वांत विलक्षण गोष्टींपैकी ती एक आहे.

सुरुवात मज्जारज्जूपासून करू. कातडीतून निघालेली बातमी मेंदूत थेट जात नाही. मणक्याच्या आत, मज्जारज्जूच्या मागच्या भागात ती दुसऱ्या पेशीच्या हाती दिली जाते. या हातबदलावर पहारा असतो. शेजारच्या लहान पेशी सतत दाब ठेवून असतात, आणि त्यांच्यामुळेच सदऱ्याचा स्पर्श स्पर्शच राहतो, वेदना होत नाही. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये या पहाऱ्याची कल्पना मांडली. योगायोग असा, की होप-सिम्पसन यांचा लेख त्याच वर्षीचा.

पहारा मोडतो कसा, याचं उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडलं. मेंदूत आणि मज्जारज्जूत चेतापेशींखेरीज ग्लिया नावाच्या पेशी जवळजवळ तेवढ्याच संख्येने असतात. दीर्घकाळ त्यांना नुसता भराव समजत. त्यांतल्या सर्वांत लहान, मायक्रोग्लिया, या शरीरातल्या संरक्षक पेशींच्या भाऊबंद. एरवी त्या आपल्या बारीक फांद्या हलवत आजूबाजूची पाहणी करत राहतात. दूर पायात किंवा बरगडीत नस दुखावली, की मज्जारज्जूतल्या नेमक्या त्या नसेच्या जागी त्या फुगतात, फांद्या आखडतात, संख्येने वाढतात. जपानच्या माकोतो त्सुदा, काझुहिदे इनोउए आणि कॅनडाच्या मायकेल सॉल्टर यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी प्रयोगशाळेत चेतवलेल्या मायक्रोग्लिया धडधाकट उंदरांच्या मज्जारज्जूपाशी सोडल्या. त्या उंदरांच्या नसेला कसलीच इजा नव्हती. तरी काही तासांत हलका स्पर्शही त्यांना वेदनेसारखा झोंबू लागला. जखम नाही, व्रण नाही, फक्त या पेशी, आणि वेदना हजर!

त्या काय करतात, हे दोन वर्षांनी कळलं. आपल्या नांदगावकडच्या माणसाला ते विहिरीवरून लगेच उमगेल. मोटार चालू असून विहिरीचं पाणी खाली गेलेलं असतं, तेव्हा बाजूचे झरे आत वाहतात. मोटार बंद पडून विहीर काठोकाठ भरली, की झरे वाहायचे थांबतात आणि पाणी उलट बाहेर झिरपू लागतं. वेदनेची बातमी पुढे नेणाऱ्या पेशीतही अशी एक मोटार आहे. ती क्लोराइडचे कण सतत बाहेर उपसते. त्यामुळे पहारेकरी पेशीने संदेश देऊन दार उघडलं, की क्लोराइड आत शिरतं आणि पेशी शांत होते. मायक्रोग्लिया एक प्रथिन सोडतात, त्याने ही मोटार मंदावते. पेशीत क्लोराइड साचतं. मग दार उघडलं तरी ते आत येत नाही, उलट बाहेर जाऊ लागतं, आणि शांत करणारा तोच संदेश पेशीला चेतवू लागतो. पहारेकरी जागेवर आहे, आपलं काम प्रामाणिकपणे करतो आहे, फक्त त्याच्या कामाचा परिणाम उलटा झाला आहे. हे प्रयोग नस दुखावलेल्या उंदरांवरचे, नागिणीवरचे नव्हेत, हे लक्षात ठेवायला हवं. पण बनियनचा स्पर्श कळ कसा बनू शकतो, याचं इतकं नेमकं उत्तर आधी कुणाकडे नव्हतं.

याच मायक्रोग्लियांबद्दल आणखी दोन गोष्टी. २०१५ मध्ये दिसलं की त्यांना रोखलं तर नर उंदरांचं दुखणं उतरतं, माद्यांचं उतरत नाही. माद्यांत तेच काम बहुधा दुसऱ्या संरक्षक पेशी करतात. वर्षानुवर्षं प्रयोग प्रामुख्याने नरांवरच होत होते, म्हणून हे इतक्या उशिरा कळलं, याचा विचार करून मन अस्वस्थ होतं. दुसरी गोष्ट दिलासा देणारी. त्सुदा यांच्याच गटाने २०२२ मध्ये दाखवलं की इजेनंतर काही काळाने मायक्रोग्लियांमधलाच एक वेगळा गट पुढे येतो आणि दुखणं उतरवतो. तो गट काढून टाकला तर उंदीर बरे होत नाहीत. आणि बरे झालेल्या उंदरांतून काढला, तर गेलेलं दुखणं परत येतं. म्हणजे बरं होणं हे नुसतं दुखणं ओसरणं नसतं. कुणीतरी ते रोज घडवून आणत असतं.

आता वर, मेंदूत. इथे वेदनेची अशी एकच जागा नाही. कळ कुठे आहे, केवढी आहे, हे एका भागात उमटतं. ती किती असह्य आहे, हे दुसऱ्यात. मेंदूतल्या ठरावीक जागी इजा झालेले काही रुग्ण १९२८ पासून वैद्यकात नोंदले गेले आहेत, ज्यांना सुई टोचल्याचं कळे, दुखतंय असंही ते सांगत, पण त्यांना त्याचं काही वाटत नसे. ते हात मागे घेत नसत, काही जण तर हसत. वेदनेतून तिचं दुःख वेगळं काढता येतं, असं त्यांच्याकडे पाहून वाटे. पण त्या दुःखाच्या पेशी कोणत्या?

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ग्रेगरी कॉर्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये त्या पेशी उंदरांत प्रत्यक्ष पाहिल्या. मेंदूच्या आत, कानाच्या पातळीवर, बदामाएवढा अमिग्डाला नावाचा भाग आहे. भय आणि आसक्ती तिथे घडतात. उंदराच्या डोक्यावर इवलीशी सूक्ष्मदर्शी बसवून त्यांनी तिथल्या पेशी उजळताना टिपल्या. चटका, टोचणी, कडाक्याची थंडी, काहीही असो, एक ठरावीक गट उजळत होता. नस दुखावल्यानंतर तोच गट साध्या हलक्या स्पर्शानेही उजळू लागला. मग त्यांनी फक्त तो गट शांत केला. उंदीर पाय झटकन मागे घेतच राहिले, म्हणजे टोचल्याचं कळत होतं. पण पाय चाटणं, जपणं, तिथून पळ काढणं जवळजवळ थांबलं. कळ होती, तिचा जाच नव्हता. हे वाचून मी बराच वेळ पुढचं पान उलटू शकलो नाही.

आणि उदासी? फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या संशोधकांनी उंदरांच्या पायाच्या नसेभोवती बारीकशी नळी बसवली. स्पर्शाची वेदना लगेच सुरू झाली. महिनाभराने उंदरांत घाबरटपणा दिसू लागला. सहा ते आठ आठवड्यांनी उदासीची लक्षणं आली, अंग स्वच्छ ठेवणंही त्यांनी सोडलं. आमच्या गावच्या त्या गप्प झालेल्या आईचंच हे वेळापत्रक, फक्त उंदराच्या आयुष्याच्या मापात. २०१५ मध्ये त्याच गटाने मेंदूच्या मध्यभागी पुढच्या बाजूला असलेला सिंग्युलेट नावाचा पट्टा निकामी करून पाहिला. वेदना तशीच राहिली, उदासी मात्र आली नाही. दुसरा एक भाग निकामी केला, तर उलट झालं: स्पर्शाची वेदना गेली. उंदराने दुखणं मनाला लावून घेतलं, असं कुणी म्हणणार नाही. नस दुखावली, आठवडे लोटले, आणि मेंदूतल्या एका पट्ट्याच्या पेशी बदलल्या.

इथे बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातलं एक काम आठवतं. ते वेदनेवरचं नाही, ताणावरचं आहे. शोना चटर्जी आणि त्यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं की दहा दिवस रोज काही वेळ जखडून ठेवलेल्या उंदरांच्या अमिग्डालातल्या पेशींना जास्त फांद्या फुटतात, तर स्मृतीशी निगडित भागातल्या पेशींच्या फांद्या आखडतात. ताण संपून तीन आठवडे झाले तरी अमिग्डालातली वाढ तशीच राहिली. पावसाने पाठ फिरवलेल्या वर्षी, भाव पडलेल्या हंगामात, ज्या घरावर आधीच भार आहे तिथे हे दुखणं कोणत्या मेंदूत येऊन उतरत असेल, याचा विचार मी हे वाचताना करत होतो.

आता त्या गोळीकडे. टोरांटोच्या पीटर वॉटसन यांनी १९८२ मध्ये नागिणीनंतरच्या वेदनेच्या २४ रुग्णांना अमिट्रिप्टिलीन देऊन पाहिलं. सोळा जणांना चांगला आराम पडला, आणि बहुतेकांच्या उदासीच्या मोजमापात काही फरक पडला नव्हता. म्हणजे मन सुधारलं म्हणून कळ कमी झाली, असं नव्हे. मेंदूच्या बुंध्यातून मज्जारज्जूकडे खाली उतरणाऱ्या नसा आहेत. त्या नॉरअ‍ॅड्रेनलीन नावाचं रसायन सोडतात आणि त्या हातबदलाच्या जागी वेदनेची बातमी दाबतात. मेंदू फक्त वेदना ऐकतो असं नाही, तो तिला खालूनच अडवूही शकतो. ही गोळी ते रसायन जास्त वेळ टिकू देते. याच औषधापासून शरीरात तयार होणारा दुसरा पदार्थ स्ट्रासबर्गच्या त्याच गटाने अशा उंदरांना दिला, ज्यांच्यात नॉरअ‍ॅड्रेनलीन ओळखणारं एक विशिष्ट प्रथिन जन्मतःच नव्हतं. त्यांच्या वेदनेवर काही परिणाम झाला नाही. एकच रसायन मनाच्या आणि वेदनेच्या दोन्ही वाटांवर काम करतं, म्हणून दोन आजारांना एक गोळी. ती कमी मात्रेत सुरू करतात, गुण यायला काही आठवडे लागतात, तोंड कोरडं पडतं, झोप येते, आणि म्हाताऱ्या माणसांत हृदय, लघवी, तोल यांकडे डॉक्टरांना लक्ष ठेवावं लागतं. चार दिवसांत फरक नाही म्हणून ती सोडून देणं, किंवा शेजारणीची उचलून खाणं, दोन्ही वाईट.

उंदीर बोलत नाहीत. आपल्या कळीचं दुःख किती आहे हे सांगणारा शेवटी माणूसच लागतो. म्हणून मला सर्वांत मोलाचा वाटतो तो कॅलिफोर्नियातला, सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठातला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास. त्याचे प्रमुख प्रसाद शिरवळकर. ते आडनाव त्या शोधनिबंधावर पहिलं पाहून मराठी वाचक म्हणून मला आनंद झाला. त्यांच्याकडे चार रुग्ण होते. तिघांना पक्षाघातानंतरची नसेची वेदना, एकाला कापलेल्या अवयवाच्या जागी होणारी. वर्षानुवर्षं औषधांनी न उतरलेली. या चौघांनी आपल्या मेंदूत दोन ठिकाणी बारीक तारा बसवू दिल्या: एक सिंग्युलेट पट्ट्यात, दुसरी डोळ्यांच्या वर कपाळामागे असलेल्या भागात. नोंद घेणारं यंत्र कातडीखाली होतं. मग ते घरी गेले, स्वयंपाक केला, टीव्ही पाहिला, भांडले, झोपले. दिवसातून काही वेळा ते आपली वेदना किती आहे, तिचा त्रास किती वाटतो, हे नोंदवून बटण दाबत, आणि त्या क्षणाच्या मेंदूलहरी साठवल्या जात. असं कित्येक महिने.

संगणकाने त्या लहरींवरून माणसाची वेदना वाढलेली आहे की उतरलेली, हे ओळखायला शिकून घेतलं. घट्ट मुरलेल्या दुखण्याची खूण प्रामुख्याने कपाळामागच्या भागात सापडली. प्रयोगशाळेत अंगाला थोडा चटका दिला, तर त्या ताज्या वेदनेची खूण सिंग्युलेट पट्ट्यात दिसली. म्हणजे बोट भाजल्याची कळ आणि वर्षभर मुरलेली कळ एकाच माणसाच्या मेंदूत वेगवेगळ्या जागी वसते. आणि चौघांच्या लहरींची ठेवण चौघांची स्वतंत्र होती. ‘किती दुखतंय?’ या प्रश्नाचं उत्तर आजवर फक्त तोंडाने देता येत होतं, आणि ज्याला दुखतं त्याच्या तोंडावर विश्वास ठेवणं घरच्यांना, कधी डॉक्टरांनाही जड गेलं आहे. घरातल्या रोजच्या दिवसांत, महिनोन्महिने, मुरलेल्या वेदनेची खूण थेट मेंदूतून टिपली गेली ती इथे पहिल्यांदा.

शिरवळकरांचा गट आता त्याच तारांमधून हलका विजेचा प्रवाह सोडून पाहतो आहे. आधीची अशी यंत्रं रात्रंदिवस एकसारखी चालत, आणि काही काळाने मेंदूला त्यांची सवय होऊन गुण जाई. नव्या यंत्राने त्या माणसाची स्वतःची खूण ओळखायची, ती वर चढू लागली की तेवढ्यापुरता प्रवाह सोडायचा, आणि उतरली की थांबायचं.